फाईल माहेरीच राहते

घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते आणि धंद्याच्या दृष्टीने ते शिक्षण वावगे नाही. कोणाकडे किती उधारी थकली, कोणाचा माल कोठे अडकला, भावाभावांत काय बोलणे झाले, याची वाच्यता झाली की पत जाते. परंतु हाच नियम आपण मुलींच्या शरीराविषयीही पाळतो आणि तेथे त्याचा हिशेब निराळा होतो. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीच्या निमित्ताने गेली बारा वर्षे तो हिशेब मी जवळून पाहत आले आहे. हा लेख तिच्या अनुमतीने लिहिते आहे. तिचे नाव मात्र येथे येणार नाही. "मोठीकाकू, माझ्यावर लिहू नका, टर्नरवर लिहा," असे तिनेच मला बजावले आहे.

आमचे दुकान कापडाचे. घरातल्या मुलांचे गणवेश आमच्याच गाठीतल्या कापडाचे आणि शिंपीही ठरलेला. वाढत्या वयाच्या मुलीचा झगा शिवताना तो खाली चार बोटे दुमड ठेवतो. दर जूनला ती थोडी उसवायची, म्हणजे झगा आणखी एक वर्ष चालतो. आमच्या पुतणीची दुमड दोन वर्षे उसवावी लागली नाही. माझ्या जावेच्या ते ध्यानात आले. तिने विचारणाही केली. परंतु आई ठेंगणी म्हणून मुलगी ठेंगणी, असे सर्वांनी म्हटले आणि एका डॉक्टरांनीही, वयात आली की झपाट्याने वाढेल, असा दिलासा दिला. मुलीचा कान वरचेवर फुटे. मान जरा रुंद, मानेवरचे केस बरेच खालपर्यंत उतरलेले. या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर कोणत्याही घरात असतात.

ती अकरा वर्षांची असताना पुण्याला मुलांच्या संप्रेरकांचे तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांकडे जाण्याचा योग आला. त्यांनी तिची उंची भिंतीवरच्या पट्टीला लावून मोजली, आलेखावर ठिपका मांडला आणि मुलीकडे न पाहता माझ्या जावेकडे पाहून एकच प्रश्न विचारला: "जन्मली तेव्हा हिच्या हातापायांवर सूज होती का?" होती. पावले फुगलेली होती आणि काही आठवड्यांनी ती ओसरली म्हणून सगळे ती विसरूनही गेले होते. अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर रक्ताची कॅरिओटाइप ही तपासणी झाली. या तपासणीत पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, जोड्या लावून पाहतात. मनुष्याच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. त्यांपैकी शेवटची जोडी स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रांची. आमच्या मुलीच्या अहवालात 45 आली, एक्स एकच. काही मुलींच्या थोड्या पेशींत एक आणि थोड्या पेशींत दोन एक्स असतात. काहींमध्ये दुसरे एक्स असते, पण अपुरे, तुटलेले. या सर्व प्रकारांना मिळून टर्नर सिंड्रोम म्हणतात. जर्मनीतील ओटो उलरिख यांनी 1930 मध्ये आणि अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील हेन्री टर्नर यांनी 1938 मध्ये अशा मुलींचे वर्णन केले. टर्नर यांनी सात जणींविषयी लिहिले होते. कारण मात्र 1959 पर्यंत उमगले नव्हते. त्या वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक एक्स नसल्याचे दाखवून दिले.

जन्माला येणाऱ्या दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हे असते. म्हणजे एक लाख मुलींमागे चाळीस-पन्नास. आपल्या समाजाची लोकसंख्या पाहता तालुक्या-तालुक्यांतून अशा मुली असणारच. आपल्याला त्या माहीत नाहीत इतकेच. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती मी विसरलेले नाही. एकच एक्स असलेले बहुतेक सर्व गर्भ आईच्या पोटातच, फार लवकर संपतात. जन्मापर्यंत पोहोचणारी शंभरांत एखादीच. तेव्हा या मुली दुबळ्या असतात, असे निदान माझ्यासमोर कोणी म्हणू नये.

आता दोषाविषयी. अहवाल घेऊन घरी आलो त्याच रात्री एका वडीलधाऱ्या आप्तांनी विचारले, आईच्या घराण्यात कोणाला होते का? माझी जाऊ त्यानंतर चार दिवस नीट जेवली नाही. वास्तविक हे सहसा वंशपरंपरेने येत नाही; आईच्या वयाशी, गरोदरपणातल्या तिच्या खाण्यापिण्याशी, ग्रहणात काय चिरले त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पेशी तयार होताना अथवा गर्भाच्या अगदी आरंभीच्या विभाजनात एक गुणसूत्र गळून जाते, एवढेच. आणि ज्यांना दोष शोधल्यावाचून चैनच पडत नाही त्यांच्यासाठी सांगते: एकच एक्स असलेल्या बहुसंख्य मुलींमध्ये उरलेले ते एक्स आईकडून आलेले असते. हे मी त्या आप्तांना सांगितले तेव्हा त्यांनी विषय बदलला. पित्यालाही बोल लावण्याचे कारण नाही, हे त्यांना सांगण्याची संधी मग मला मिळालीच नाही. पूर्वकर्माची भाषाही कानांवर आली. ती बोलणाऱ्यांना माझे एवढेच विचारणे असते की, घरात कोणाला मधुमेह झाला तर आपण आधी कर्माची चर्चा करतो की साखर तपासतो?

उपचार दोन प्रकारचे आणि दोन्ही वेळेला बांधलेले. उपचार न घेतलेल्या मुलीची उंची तिच्या घराण्याच्या मानाने सुमारे 20 सेंटीमीटर कमी राहते. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने लहान वयात, अगदी चार-पाच वर्षांपासूनही, सुरू करता येतात आणि जितकी लवकर तितकी उंची अधिक मिळते. हाडांची वाढ पूर्ण होत आली की मग त्यांचा उपयोग नाही. दुसरे औषध इस्ट्रोजेनचे. या मुलींच्या बीजकोशांचे कार्य बहुधा बालपणीच थांबलेले असते, त्यामुळे वयात येण्यासाठी ते अकरा-बाराव्या वर्षापासून अत्यल्प मात्रेत देतात, दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात, पुढे प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. हे केवळ पाळीसाठी नसते. हाडे, गर्भाशय, रक्तवाहिन्या या सर्वांना त्याची गरज असते आणि सर्वसाधारण स्त्रीची पाळी ज्या वयात थांबते त्या वयापर्यंत ते घ्यावे लागते.

औषधांची नावे लिहून घेऊन आलो आणि आमच्या बांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो प्रश्न विचारला जो आपल्यापैकी प्रत्येक घरात विचारला जाईल: "हे बनते कशापासून?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर आपल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर देते. वाढीचे संप्रेरक पूर्वी मृत मनुष्यांच्या मेंदूतील ग्रंथीतून काढीत. त्यातून एक भयंकर मेंदूविकार पसरल्याचे आढळल्यावर 1985 मध्ये ते बंद झाले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकीय तंत्राने, सूक्ष्म जंतूंकरवी तयार केलेले संप्रेरक उपलब्ध झाले. आज मिळते ते असेच. "मग त्या जंतूंचे काय?" बांनी विचारले. घरात कोणाला उत्तर देता आले नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला, माळ पूर्ण केली आणि म्हणाल्या, "दह्याचे काय करतो तेच." यात शास्त्र किती आणि आजीची माया किती, हे मी ठरवणार नाही.

इस्ट्रोजेनच्या बाबतीत मात्र निवड खरोखरच आपल्या हातात असते. त्याची एक जुनी आणि प्रसिद्ध गोळी गाभण घोडींच्या मूत्रातून मिळवलेल्या संप्रेरकांची असते. त्या घोडींना महिनोन्महिने बांधून ठेवतात. याउलट इस्ट्राडिओल हे मानवी शरीरातलेच संप्रेरक सोयाबीन, रानटी कंद अशा वनस्पतींपासून मिळालेल्या द्रव्यांतून कारखान्यात तयार करतात, आणि डॉक्टर तर या मुलींसाठी तेच अधिक पसंत करतात. येथे अहिंसा आणि वैद्यक एकाच बाजूला आहेत. कॅप्सूलचे आवरण बऱ्याचदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासूनचे असते; पर्यायी गोळी आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. विचारावे, परंतु मनाने औषध बंद करू नये. असे बंद केलेले मी पाहिले आहे.

इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी घ्यायचे. चौविहाराचे पच्चक्खाण घेतल्यावर सुई चालेल का, हा विचार बांनी स्वतःच निकालात काढला: मुखावाटे जात नाही तो आहार नव्हे. पुढे तीन वर्षे रात्री नऊ वाजता फ्रीजमधून पेन काढून देण्याचे काम त्यांनीच केले. औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, गोठून चालत नाही. पालितानाच्या यात्रेला गेलो तेव्हा बर्फाच्या थर्मासचा डबा त्यांच्या मांडीवर होता. धर्मशाळेच्या मुनीमांनी त्यात काय आहे म्हणून विचारले, तर त्यांनी सांगितले, "नातीची उंची."

ती उंची चार फूट साडेनऊ इंचांवर थांबली. उपचार आणखी आधी सुरू होते तर अधिक मिळाली असती, असे डॉक्टर म्हणतात.

बुद्धीविषयी मोठा गैरसमज आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. या मुलींची बुद्धी सर्वसामान्य असते. बोलणे, वाचणे, भाषा यांत त्या पुष्कळदा इतरांच्या पुढेच असतात. अडचण येते ती अवकाशाचा अंदाज, नकाशा, भूमिती, मनातल्या मनात करायची लांबलचक गणिते यांत. कधी समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखण्यातही. आमच्या मुलीला दोन वाहनांमधल्या जागेत स्कूटर लावणे अजूनही जमत नाही. परंतु ती गादीवर बसते तेव्हा आलेल्या बाईंच्या मुलीचे लग्न मागच्या वैशाखात झाले, त्या वेळी त्यांनी कोणत्या रंगाची पैठणी पाहून परत ठेवली होती, हे तिला आठवते. हिशेबाला संगणक आहे. गिऱ्हाईक लक्षात ठेवायला संगणकाचा उपयोग होत नाही.

खरी काळजी हृदयाची असते, आणि घराघरांतून नेमकी तीच बाजू अंधारात राहते. उंची आणि पाळी डोळ्यांना दिसतात. परंतु अनेक टर्नर मुलींच्या हृदयातील महारोहिणीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. काहींची महारोहिणी, म्हणजे शरीरभर रक्त नेणारी मुख्य वाहिनी, एका जागी अरुंद असते. आणि पुढे तरुण वयातही ती फुगत जाऊन तिचा पदर फाटण्याचा धोका राहतो. म्हणून निदान होताच इको करावा लागतो, पुढे ठरावीक वर्षांनी इको अथवा एमआरआय आणि रक्तदाब दर वर्षी. थायरॉइडही दर वर्षी, कारण त्याचा विकार या मुलींत पुष्कळ आढळतो. शिवाय कान, साखर, यकृत, हाडांची घनता. एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी. गव्हाच्या ग्लुटेनची बाधाही यांना अधिक होते; आपल्या घरांतून बटाटा नाही म्हणून घाबरू नये, ज्वारी, बाजरी, तांदूळ भरपूर आहेत.

हे सर्व आयुष्यभराचे आहे. आणि आपल्याकडे मुलीचे आयुष्य मध्येच एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दागिने जातात, साड्या जातात, लोणच्याच्या बरण्या जातात. फाईल माहेरीच राहते. लग्नापूर्वी ज्यांनी काही सांगितले नाही त्यांच्या मुली सासरी इस्ट्रोजेनच्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवतात, नंतर विचारणा नको म्हणून घेणेच सोडतात. इको तर कोणत्या निमित्ताने करून घेणार? वर्ष-दीड वर्षाने मूल का नाही म्हणून चौकशी सुरू होते. आज दुसऱ्या स्त्रीच्या बीजाच्या साहाय्याने गर्भधारणा होऊ शकते, आणि घाईने तो मार्ग धरला जातो. परंतु गरोदरपणात महारोहिणीवरचा ताण वाढतो. टर्नर असलेल्या स्त्रीने हृदयाची पूर्ण तपासणी न करता गरोदर राहणे हे जिवावर बेतू शकते. काही जणींना तर डॉक्टर गर्भधारणा नकोच म्हणून सांगतात. ज्या डॉक्टरांना टर्नर आहे हेच ठाऊक नाही, ते काय सांगणार? म्हणून मी म्हणते, लपवण्याने अब्रू वाचते की नाही हा पुढचा प्रश्न. मुलगी वाचते की नाही, हा पहिला.

आमच्या घरात ही चर्चा दोन वर्षे चालली. बायोडाटा कसा लिहायचा? मोठ्यांपैकी एक जण म्हणाले, आधी भेटू द्या, पसंती होऊ द्या, मग सांगू. दुसरे म्हणाले, मालात दोष असेल तर आपण गिऱ्हाइकाला आधी सांगतो, तशी आपल्या दुकानाची रीत आहे. हेतू चांगला होता, पण मुलगी तेथेच बसली होती. ती म्हणाली, "काका, मी माल नाही आणि हा दोष नाही. पण सांगायचे आधीच." वकील असलेल्या तिच्या मामांनी कायद्याची बाजू मांडली. 1955 चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे, आणि महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल तर विवाह रद्द करून मागता येतो. व्यापारी मनाला हे लगेच समजले. मला मात्र मुलीचे वाक्य पुरेसे वाटले होते.

मुलाबाळांचा विषय निघतोच. त्याबाबत आपली स्मरणशक्ती फार सोयीची झाली आहे. आपल्या जुन्या पेढ्यांच्या पाट्या पाहा. त्यांवर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी कितीतरी वारस दत्तक आलेले होते आणि त्यांनी पेढीची भरभराटच केली. दत्तकाची रीत आपल्यात पिढ्यान्पिढ्या आहे; 1956 चा दत्तक कायदा आपल्याला लागू आहे आणि त्यानुसार मुलगीही दत्तक घेता येते. पेढीसाठी चालते ते सुनेसाठी का चालू नये, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही. काही मुली लग्न न करताही सुखाने राहतात, हेही आपल्या घरांनी मानायला हरकत नसावी.

परदेशांत अशा मुलींच्या कुटुंबांनी स्वतःच्या संस्था उभारल्या. कॅनडात 1981 मध्ये, अमेरिकेत 1987 मध्ये. अमेरिकेत फेब्रुवारी महिना टर्नरविषयी जागृतीचा म्हणून पाळतात. आपल्याला नवी संस्था काढण्याची गरज नाही, मंडळे पुष्कळ आहेत. मंडळाच्या आरोग्य शिबिरांत आपण मोठ्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतो, चष्मे वाटतो. तेथेच भिंतीला उंचीची पट्टी लावावी आणि शेजारी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2015 मध्ये सुधारलेले वाढीचे तक्ते ठेवावेत. पाठशाळेतल्या प्रत्येक मुलीची उंची वर्षातून एकदा त्यावर मांडावी. जिचा ठिपका तळाच्या रेषेखाली जाईल किंवा आईवडिलांच्या उंचीच्या मानाने फारच खाली असेल, तिला डॉक्टरांकडे पाठवावे. खर्च पट्टीचा आणि खिळ्यांचा. वाढीची इंजेक्शने मात्र फार महाग आहेत, मध्यम घरांना न झेपणारी. ज्यांच्या हाती वैद्यकीय मदतीचे निधी आहेत त्यांनी शस्त्रक्रियांबरोबर यांचाही विचार करावा. शस्त्रक्रियेला मदत मागताना कोणी लाजत नाही. या इंजेक्शनांसाठी अर्ज येणार नाहीत. आपणच विचारावे लागेल.

मागच्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी आमच्या मुलीने फॉर्म स्वतः भरला. उंचीच्या रकान्यात चार फूट साडेनऊ इंच. इतर माहितीच्या रकान्यात: 'टर्नर सिंड्रोम आहे. नियमित उपचार व तपासण्या चालू. प्रश्न असल्यास मलाच विचारावेत.' खाली स्वतःचा नंबर. छापील पुस्तिकेत ते तसेच आले.

दोन महिन्यांत चार फोन आले. पहिले सद्भावनेचे, पण पुढे न सरकलेले. दुसऱ्या मुलाशी बोलणे सुरू आहे; त्याविषयी अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही. तिसरा फोन असे उघड लिहिल्याबद्दल रागावणाऱ्या एका बाईंचा होता. चौथ्या फोनवरच्या बाईंनी स्थळाविषयी काही विचारलेच नाही. त्यांची मुलगी सात वर्षांची, वर्गात सर्वांत ठेंगणी, कान वरचेवर फुटतो. परवाच्या रविवारी त्या तिला घेऊन आमच्याकडे आल्या. माझी जाऊ त्यांना आत घेऊन गेली आणि तिने पहिला प्रश्न जन्माच्या वेळच्या सुजेचा विचारला. बाहेर आमची मुलगी त्या छोटीला गादीवर शेजारी बसवून, कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने करायच्या ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहीत होती. पहिल्या ओळीत कॅरिओटाइप, दुसरीत इको.